तेलात उजळते, पाण्यात विझते

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत होता. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हळद झळाळतेय आणि खाली मजकूर: 'हीच ती दैवी ऊर्जा'. मी घरी करून बघितलं. एका वाटीत पाणी, दुसरीत शेंगदाण्याचं तेल, दोन्हींत चिमूटभर हळद. गाळ बसल्यावर दिवा धरला. तेल पोपटी उजळलं, पाणी जेमतेम.

हळदीतलं करक्युमिन, म्हणजे तिचं चमकणारं पिवळं द्रव्य, पाण्यात फारसं विरघळत नाही, हे एक कारण. पण जे थोडं विरघळतं तेही पाण्यात मंदच राहतं, आणि खरी गंमत तिथे आहे. रेणूने प्रकाश शोषला की ती जादा ऊर्जा एक तर प्रकाश होऊन बाहेर पडते, नाहीतर शेजारच्या रेणूंना धक्के देत उष्णता होऊन जिरते. पाणी ती पटकन जिरवतं. तेलकट आडोसा मिळाला, की रेणू उजळतो.

पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत याच गुणावर रोजचं काम चालतं. तिथला रंग सायप्रो ऑरेंज. प्रथिनाची साखळी घडी घालून बसलेली असते, तिचे तेलकट भाग आत, पाण्यापासून लपलेले. तोवर रंग मंद. मग प्रथिन आणि रंग घातलेली 96 खणांची प्लेट कोविडमुळे घरोघरी माहीत झालेल्या पीसीआर यंत्रात ठेवून 25 अंशांपासून 95 अंशांपर्यंत हळूहळू तापवायची. घडी उलगडते, तेलकट भाग उघडे पडतात, रंग तिथे जाऊन बसतो. साधारण 480 नॅनोमीटरचा निळा प्रकाश आत जातो, 570च्या आसपासचा नारिंगी बाहेर येतो. पडद्यावर आलेख चढत जातो, आणि चढणीच्या मध्यावरचं तापमान हा त्या प्रथिनाचा वितळबिंदू. पुढे आलेख उतरतो, कारण उकडलेल्या अंड्यासारख्या गुठळ्या होऊन तेलकट भाग पुन्हा झाकले जातात. एखादं औषध प्रथिनाला घट्ट धरून बसलं, तर घडी उशिरा सुटते आणि वितळबिंदू काही अंशांनी वर सरकतो. नव्या औषधाच्या शोधात आम्ही हेच सरकणं बघतो.

करक्युमिनने मात्र अशा चाचण्यांत अनेकांना चकवलंय. ते स्वतःच चमकतं, वर अनेक प्रथिनांच्या तेलकट खाचांत शिरतं. त्यामुळे चाचणी 'लागू पडलं' म्हणते आणि औषधाचा पत्ता नसतो. चमकण्यावरून गुण ठरवणारा तो व्हिडिओ म्हणूनच मला खटकला. आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये काही खण प्रथिनाशिवाय ठेवतो, त्यांत फक्त रंग आणि तपासायचं रसायन. ते खण उजळले, तर त्या रसायनाचं वाचन बाद.