तोंड किती वाकडं? पट्टी डोळ्यातच आहे

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, 'सेल्फी काढा, एआय दोन सेकंदात सांगेल लकवा आहे की नाही'. टाकणारा कोण, तर माझा मावसभाऊ, ज्याचं स्वतःचं तोंड एप्रिलमध्ये वाकडं झालं होतं. दोन सेकंदात निदान वगैरे सगळी फेकाफेकी आहे, पण कॉम्प्युटरने चेहऱ्याचा लकवा *मोजायचं* जे खरं काम चाललंय ते मला लय आवडतं, म्हणून लिहायला बसलो.

या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, असं झालं की सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने आपोआप ओघळलं. आरशात बघतो तर डावा डोळा मिटेना, हसायला गेलं की तोंड उजवीकडे ओढलं जातंय. मावशीचा निकाल तयार होता, "वारं गेलंय तोंडावरनं, रात्रभर कूलर तोंडावर घेऊन झोपतोय की." शेजारच्या काकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कबुतराचा काय संबंध बे? पण हा उपाय टिकून का आहे ते कळतं. दादाला जो प्रकार झाला त्याला बेल्स पाल्सी म्हणतात (चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनवरून) आणि त्यात काहीच उपचार न घेता साधारण 70 टक्के लोक पूर्ण बरे होतात. म्हणजे दहातल्या सात कबुतरांना फुकटचं श्रेय. तोटा एवढाच की स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तर बरं होण्याची शक्यता अजून वाढते, आणि ते तीन दिवस आपण कबुतर शोधण्यात घालवतो. शिवाय हाच चेहरा मेंदूच्या झटक्यातही दिसू शकतो. झटक्यात बहुतेक वेळा कपाळावर आठ्या घालता येतात, बेल्समध्ये त्या बाजूचं कपाळही सपाट पडतं, पण हा फरक घरी बसून ठरवायचा नाही, तोंड वाकडं झालं की सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तर चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस, कानामागच्या हाडातल्या एका बोगद्यातून येते आणि बोगद्याची सगळ्यात अरुंद जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. नस सुजली की तिथेच आवळली जाते. दादाला यंत्रमागाचा खडखडाट डाव्या कानात सहन होईना, लहानपणापासून कारखान्यात वाढलेला माणूस! कारण कानातला मोठा आवाज दाबणारा एक इवलासा स्नायू आहे, त्यालाही हीच नस चालवते. जिभेच्या पुढच्या भागाची चवही हिच्याच फांदीतून जाते, म्हणून शेंगाचटणी अर्ध्या जिभेला लागत नव्हती, आणि कडक भाकरीचे तुकडे गालात अडकून बसायचे ते बोटाने काढावे लागायचे.

आता मोजमाप. डॉक्टर लोक 1985 पासून हाऊस-ब्रॅकमन नावाची सहा पायऱ्यांची श्रेणी वापरतात, एक म्हणजे नॉर्मल, सहा म्हणजे काहीच हालत नाही. तिसरी आणि चौथी यातला मोठा फरक म्हणजे जोर लावून डोळा पूर्ण मिटतो की नाही. सनीब्रूक नावाची दुसरी पद्धत आहे 100 गुणांची, ती जास्त बारीक आहे. पण दोन्हीत शेवटी माणूसच बघून आकडा देतो. सोमवारचा डॉक्टर तीन म्हणेल आणि गुरुवारचा चार. घरच्यांचं तर विचारूच नका, मावशी रोज सकाळी "कालच्यापेक्षा बरंय" म्हणायची आणि दादा रोज आरशात बघून "काय फरक नाही" म्हणायचा. रोज बघणाऱ्या डोळ्याला हळू बदल दिसतच नाही.

मग फोटोतून मोजू म्हटलं तर पहिली अडचण, फोटोत मिलिमीटर नसतात, पिक्सेल असतात. मोबाइल जरा जवळ धरला की तोंड मोठं, लांब धरला की छोटं. चेहऱ्यावर फूटपट्टी चिकटवून फोटो काढायचा का? इथे जी युक्ती आहे ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या. पट्टी डोळ्यातच असते! बुबुळ. मोठ्या माणसाच्या रंगीत बुबुळाची रुंदी माणसामाणसात फारच कमी बदलते, साधारण पावणेबारा मिलिमीटर. नाक, कान, ओठ सगळं वेगवेगळं पण बुबुळ जवळपास एकाच मापाचं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर हॉस्पिटलमधल्या लोकांनी एमोट्रिक्स नावाचं सॉफ्टवेअर केलं त्यात हेच वापरलंय, सरासरी 11.77 मिलिमीटर धरून. समजा फोटोत बुबुळ 94 पिक्सेल रुंद आलं, तर एक पिक्सेल म्हणजे अंदाजे पाव मिलिमीटरचा निम्मा. हसताना ओठाचा उजवा कोपरा 72 पिक्सेल सरकला म्हणजे 9 मिलिमीटर, डावा 16 पिक्सेल म्हणजे 2. झालं मोजमाप, कुणाच्या मताचा प्रश्न नाही.

पण ओठाचा कोपरा कुठे आहे हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? इथे जरा डोकं लावावं लागेल. चेहऱ्यावर 68 ठिपके टाकायची पद्धत प्रसिद्ध आहे, हनुवटी-जबड्यावर 17, भुवयांवर 10, नाकावर 9, डोळ्यांभोवती 12 आणि तोंडावर 20. प्रोग्राम सुरुवातीला तुमचा चेहरा बघतच नाही म्हटलं तरी चालेल, तो हजारो फोटोंवरून काढलेला *सरासरी* चेहरा तुमच्या तोंडावर ठेवून देतो. मग फोटोतल्या दोन-दोन पिक्सेलच्या उजेडातला फरक बघतो, हा जास्त की तो जास्त, हो असेल तर या फांदीला जा, नसेल तर त्या, आणि फांदीच्या टोकाला लिहिलेलं असतं की 68 ठिपके कुठे किती ढकलायचे. 2014 सालच्या मूळ पद्धतीत अशा 10 फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत अशा फांद्यांची 500 झाडं होती, आणि हे सगळं एक मिलिसेकंदात व्हायचं. खरी गोम पुढे आहे. ढकलायचं माप शिकताना पाहिलेल्या चेहऱ्यांवरूनच आलेलं असतं, म्हणून शेवटचं उत्तर म्हणजे सरासरी चेहरा अधिक पाहिलेल्या चेहऱ्यांच्या फरकांची बेरीज, त्या बेरजेच्या बाहेरचा आकार येऊच शकत नाही. आणि पाहिलेले चेहरे कुणाचे? निरोगी लोकांचे, दोन्ही बाजू सारख्या हसणाऱ्यांचे. अर्धा चेहरा लोंबतोय हे त्याने आयुष्यात बघितलेलंच नाही. सगळ्यांना एकाच मापाचे शर्ट शिवणारा टेलर पाठीला पोक असलेल्या माणसाचं मापही सरळच लिहून घेतो, तसं.

हे मी दादाच्याच फोटोवर करून बघितलं. तयार मॉडेल फुकट मिळतं, लॅपटॉपवर वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला, "दात दाखवून हस" म्हटलं, आणि स्क्रीनवर डाव्या कोपऱ्याचा ठिपका खऱ्या ओठाच्या वर, गालावर जाऊन बसला, म्हणजे जिथे निरोगी माणसाचा ओठ गेला असता तिथे. दादा खूश, "बघ, कॉम्प्युटर म्हणतोय बरा झालोय." ठिपका माउसने ओढून खाली आणला तेव्हा खरा आकडा आला आणि दादा गप्प. एमोट्रिक्समध्येही ठिपके हाताने सरकवायची सोय म्हणूनच ठेवली आहे, आणि त्याच मंडळींनी नंतर रुग्णांच्या फोटोंवर ठिपके लावून मॉडेलला शिकवलं तेव्हा चूक कमी झाली. त्या फॉरवर्डवाल्या ॲपने कुणाचे चेहरे बघून शिकलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मी शोधलं.

मान किंचित वळली तरी एक गाल लहान दिसतो आणि प्रोग्राम त्यालाच लकवा समजतो, हे वेगळंच.

पण सगळ्यात फसवी गोष्ट आकड्यात लपलेली आहे. सुरुवातीला दुखऱ्या बाजूचा डोळा जास्त उघडा दिसतो कारण पापणी मिटवणारा स्नायू सैल पडलेला असतो. जिथे नस जास्त दुखावली असेल तिथे ती परत वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, पण प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच स्नायूकडे जाईल याची खात्री नाही. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीत ताण्याचे (उभे) धागे तुटले आणि सांधणाऱ्याने चुकीच्या जागी जोडले तर मोराच्या पिसात फुलाची पाकळी उमटेल ना, तसं. मग हसायला गेलं की डोळा आपोआप बारीक होतो आणि काही महिन्यांनी तो डोळा कायमच जरा मिटलेला दिसतो. आता गंमत बघा, डोळा आधी जास्त उघडा, नंतर जास्त मिटलेला, म्हणजे मधे एक दिवस असा येतो की दोन्ही डोळ्यांचं माप मिलिमीटरपर्यंत सारखं. त्या दिवशीचा फोटो घेतला तर कॉम्प्युटर फुल मार्क देणार. म्हणून एका फोटोवर न थांबता स्वस्थ चेहरा, भुवया वर, डोळे हलके मिटून, दात दाखवून, नाक मुरडून, ओठांचा चंबू, असे सगळे फोटो दर वेळी घ्यावे लागतात, आणि ओठ हलताना डोळा किती हलला हे वेगळं मोजावं लागतं.

दादाचे असे सात महिन्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, फोल्डरचं नाव त्यानेच 'वाकडा' ठेवलंय. ओठाचा कोपरा 2 वरून 8 मिलिमीटरवर आला. चंबू केला की डावा डोळा अजून किंचित मिचकावतो, मावशीला ते दिसत नाही.