पार्श्वभूमी : कांदा, डॉलर आणि वाशीचा बाजार

निर्यात चालू आहे की बंद, हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळ्यावरच्या गोण्यांवरूनही कळते. चालू असली की मोठा गोळा कांदा वेगळा निवडून न्हावा-शेवा बंदराच्या वाटेला लागतो. बंद झाली की तोच माल गोल्टीशेजारी, म्हणजे बारीक कांद्याशेजारी, पडून राहतो.

1998 साली दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता गेली, त्यात महागलेल्या कांद्याचा हातभार होता. तेव्हापासून कुठलेही सरकार भाववाढीला बिचकते. सप्टेंबर 2019 आणि सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, काही महिन्यांनी उठली.

खरा घोळ 2023 पासूनचा. 19 ऑगस्टला 40 टक्के निर्यातशुल्क लागले, तेही तडकाफडकी. बंदरात पोचलेले कंटेनर अडकले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले. हा कर नव्हे, तिजोरीत त्यातून दमडी येत नाही. त्याखालच्या भावाने सौदा करायला मनाई, एवढेच. पण 800 डॉलर म्हणजे तेव्हा किलोला सुमारे 67 रुपये. पाकिस्तानी माल स्वस्तात मिळत असताना दुबईचा व्यापारी एवढा भाव कशाला देईल? कागदावर निर्यात चालू, व्यवहारात ती आडून घातलेली बंदीच.

8 डिसेंबरला उघड बंदी आली, ती ऐन लाल कांद्याच्या आवकेत. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो; लाल टिकत नाही, मिळेल त्या भावाला काढावा लागतो. शहरी गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, हेही खरे. त्यात एप्रिल 2024 मध्ये गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि नाशिक पट्टा भडकला. 4 मे रोजी, लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असतानाच, बंदी उठली. सोबत 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क. बेरीज 770, म्हणजे फिरून जवळपास तिथेच! सप्टेंबरमध्ये मूल्याची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द झाले.

जागतिक व्यापाराचे नियम आयातशुल्काबाबत कडक आहेत; अन्नटंचाईतल्या तात्पुरत्या निर्यातबंदीला मात्र मुभा देतात. त्यामुळे बाहेरून हात धरणारे कोणी नव्हते. पण बांगलादेशासारख्या मोठ्या गिऱ्हाइकाने लागवड वाढवली, दुसरे पुरवठादारही शोधले. आपल्याकडून वाट मोकळी असली, तरी तिथला कांदा निघाला की ढाका आयातीचे परवाने रोखून धरते.