इंग्लंडमध्ये कुत्र्या-मांजराची चिप नावावर करताना अर्ज कुठे अडतो

इथे कुत्र्याला २०१६ पासून आणि मांजराला १० जून २०२४ पासून चिप, म्हणजे कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, सक्तीची आहे. चिपमध्ये फक्त १५ अंकी नंबर असतो. नाव-पत्ता खासगी कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये. त्यामुळे नाव बदलायला व्हेटकडे खेटे घालू नका. त्यांच्याकडून नंबर स्कॅन करून घ्या, तो कोणत्या कंपनीकडे आहे ते ऑनलाइन पाहा, अर्ज करा, फी भरा.

अर्ज अडतो तो जुन्या कीपरच्या, म्हणजे नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्या, संमतीवर. त्याच्याकडचा ट्रान्सफर कोड किंवा नोंदणीचा कागद बहुतेकांनी घेतलेलाच नसतो. मग कंपनी जुन्या कीपरला कळवते आणि ठरावीक मुदत थांबते. तो गप्प राहिला तर सहसा नाव बदलतं. त्याने हरकत घेतली की अर्ज तिथेच थांबतो. कंपनी त्याचा पत्ता तुम्हाला देत नाही आणि भांडणाचा निवाडाही करत नाही. हेल्पलाइनवर रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तिथे वाद घालून काही हाती लागत नाही, ताकद कागद जमवण्यात घाला.

कारण कीपर म्हणजे मालक नव्हे. जनावर नेहमी ज्याच्याकडे राहतं तो कीपर. मालकी कायद्याने वेगळी, आणि ती शेवटी दिवाणी कोर्ट ठरवतं, बहुधा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या विभागात. तिथे खरेदीची पावती, बँकेतली नोंद, व्हेटची बिलं, विमा, ‘कुत्रा तुम्हीच ठेवा’ असा मेसेज, हे सगळं उपयोगी पडतं. संस्थेकडून दत्तक घेतलं असेल तर करार नीट वाचा; काही संस्था मालकी स्वतःकडेच ठेवतात. जोडपं वेगळं झाल्यावर एकाने कुत्रा नेला तर लोक पोलिसांकडे धावतात. पण २०२४ च्या पाळीव प्राणी अपहरण कायद्यात एकाच घरात राहिलेल्यांना सूट आहे, म्हणून तो वादही बहुधा दिवाणीतच जातो.

नोंद दुरुस्त करायच्या २१ दिवसांच्या मुदतीबद्दल फार गैरसमज आहे. ती काही विकत घेतल्यापासूनची सवलत नाही! चिप किंवा नोंद नीट नसल्याची नोटीस आल्यावर ती दुरुस्त करायची ती मुदत आहे. ती चुकली तर ५०० पौंडांपर्यंत दंड होतो.

म्हणून पिल्लू घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या फोनवर डेटाबेस उघडायला सांगा. ‘कोड नंतर पाठवतो’ म्हणाला तर तिथेच थांबा, तो लॉगिन करेपर्यंत. पैसे हातात पडल्यावर फोन न उचलणारे विक्रेते कमी नाहीत.