लोणच्याची बरणी आणि फ्रान्सच्या राजाचं मीठ

मिठावरचा कर म्हटला की आपल्याला दांडी आणि शिरोडा आठवतं, आणि ही कल्पना इंग्रजांनाच सुचली असणार असं वाटतं. फ्रान्सच्या राजांनी तो त्याआधी कित्येक शतकं वसूल केला. त्याचं नाव 'गाबेल'. पॅरिसभोवतालच्या मोठ्या प्रदेशात मीठ सरकारी वखारीतूनच घ्यायचं, तेही सक्तीने: १६८० च्या हुकुमाप्रमाणे आठ वर्षांवरच्या प्रत्येकामागे वर्षाला साधारण साडेतीन किलो. १७८० च्या सुमारास तिथे ४९ किलो मिठाला सरासरी ६२ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) पडत. करमाफी असलेल्या ब्रेतान्य प्रांतात तेवढंच मीठ दोन-तीन लिव्रना मिळे.

मग लोकांनी मीठ त्या प्रमाणात कमी का केलं नाही? उत्तर लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. उरलेलं पाणीही मिठातले सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, स्वतःभोवती धरून ठेवतात. जिवाणूला लागतं ते मोकळं पाणी, आणि त्याचं माप म्हणजे जल-क्रियाशीलता. शुद्ध पाण्याची १, मिठाने संपृक्त झालेल्या पाण्याची सुमारे ०.७५. मांस कुजवणारे बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढतच नाहीत. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट उतरते याला काडीचा पुरावा नाही, पण मीठ जिवाणूंना रोखतं हे कुणीही घरी पडताळून पाहावं.

फ्रेंच शेतकरी हिवाळ्याच्या तोंडी डुक्कर कापे. ते खारवलं तरच वसंतापर्यंत पुरे. म्हणून मिठाची मागणी किमतीपुढे फारशी वाकत नाही. अर्थमंत्री राहिलेल्या नेकरने १७८४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार करमाफ प्रांतांत माणशी सुमारे नऊ किलो मीठ खपे, कडक गाबेलच्या प्रदेशात साडेचार. किंमत वीसपट, खप निम्मा. त्यातही ब्रेतान्यहून बायका कपड्यांत लपवून आणत, शिकवलेली कुत्री पाठीवरून आणत, ते मीठ या हिशेबात नाहीच. खरी घट आणखी कमी असणार.

मला सर्वांत क्रूर वाटतो तो पुढचा नियम. सक्तीने घेतलेलं मीठ फक्त स्वयंपाकात आणि ताटात वापरायचं. डुक्कर खारवायला वेगळं मीठ, वेगळे पैसे. घरात मीठ पडून असलं तरी ते मांसाला चोळणं गुन्हा होता.