हेर्मान, हायो
हेर्मान, हायो : (१ ऑगस्ट १९१३ – ५ नोव्हेंबर २०१०). दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बॉम्बफेकी वैमानिक व रात्रीच्या हवाई बचावाचा एक सूत्रधार. मूळ नाव हान्स-योआखिम. जन्म कील येथे. पोलीसदलातून १९३५ मध्ये तो लुफ्तवाफेत, म्हणजे जर्मन हवाई दलात आला. स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापती फ्रँकोच्या मदतीस गेलेल्या काँडोर लीजन या जर्मन पथकातून त्याने युंकर्स ५२ विमाने चालवली. मूळची प्रवासी असलेली ही विमाने तिथे बॉम्ब टाकायला जुंपली होती. पुढे पोलंड, नॉर्वे, ब्रिटन, माल्टा. एकूण ३२० बॉम्बफेकी मोहिमा आणि सुमारे ७०,००० टनांची १२ जहाजे त्याच्या नावावर मांडली जातात.

त्याचे नाव झाले ते पिरीयसमुळे. ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनीने ग्रीसवर स्वारी केली आणि त्याच रात्री सिसिलीहून निघालेली युंकर्स ८८ विमाने अथेन्सच्या या बंदरावर आली. काम होते बंदराच्या तोंडाशी सुरुंग टाकण्याचे. हेर्मानने सुरुंगांच्या जोडीला २५० किलोचे बॉम्बही घेतले होते; वरिष्ठांना हे जादा वजन नको होते. धक्क्याला लागलेल्या ‘क्लॅन फ्रेझर’ या ब्रिटिश जहाजावर बॉम्ब पडले, ते जहाज पेटले, आणि त्याच्या पोटात सुमारे २५० टन टीएनटी हे स्फोटक होते. जळते जहाज ओढून बाहेर न्यावे, तर अरुंद वाटेत सुरुंगांची धास्ती. वाटेतच फुटून बुडाले तर बंदरच बंद. तासन्‌तास ते धक्क्याला जळत राहिले. पहाटे तीनच्या सुमारास ते फुटले आणि बंदराची राखरांगोळी झाली. अकरा जहाजे गेली. कित्येक किलोमीटरवरच्या अथेन्समध्ये खिडक्यांच्या काचा फुटल्या. हल्ल्यात हेर्मानच्या विमानाचे एक एंजिन निकामी झाले होते. सिसिलीला परतण्याऐवजी त्याने ते इटलीच्या ताब्यातील ऱ्होड्‌स बेटावर उतरवले.

जुलै १९४२ नंतर तो मुख्यालयात गेला. ब्रिटिश विमाने रात्री जर्मन शहरे भाजून काढत होती आणि रडारवर चालणारी बचावयंत्रणा तोकडी पडत होती. हेर्मानने बॉम्बफेक्याच्या नजरेनेच तोड काढली. जमिनीवरून सोडलेल्या प्रकाशझोतात सापडलेला वैमानिक किती उघडा पडतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. मग एकआसनी लढाऊ विमाने थेट शहरावर पाठवावीत. झोत आणि खालच्या आगी यांच्या उजेडात शत्रू डोळ्यांनी दिसेलच! या पद्धतीला नाव पडले ‘विल्डे झाऊ’, म्हणजे रानडुकरीण. ३ जुलै १९४३ च्या रात्री कोलोनवर ती प्रथम वापरली गेली. त्याच महिन्यात हँबर्गवर ब्रिटिशांनी धातूच्या चंदेरी पट्ट्यांचा पाऊस पाडून जर्मन रडार आंधळे केले, तेव्हा रडारवाचून चालणाऱ्या या युक्तीचा भाव वधारला. हिवाळ्यात मात्र ढगाळ रात्री उतरायला जागा न सापडून कित्येकांना विमान सोडून छत्रीने उडी घ्यावी लागली. स्वतः हेर्मानने नऊ विमाने पाडली.

७ एप्रिल १९४५ च्या ‘रामकोमांडो एल्बे’ मोहिमेमागेही तोच होता. त्यात सुमारे १८० लढाऊ विमाने अमेरिकन बॉम्बफेक्यांवर आदळण्यासाठी धाडली गेली. वैमानिक बहुतेक कोवळी पोरे होती. धडकेच्या क्षणी उडी मारून जीव वाचवावा अशी योजना होती. प्रत्यक्षात अनेक जण वाचले नाहीत आणि अमेरिकन ताफ्यावर फारसा ओरखडाही उठला नाही.

युद्धानंतर दहा वर्षे तो सोव्हिएत कैदेत होता. १९५५ मध्ये सुटला. मग कायदा शिकून ड्युसेलडॉर्फला वकिली केली. ओटो एर्न्स्ट रेमर, डेव्हिड अर्व्हिंग अशा, ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या मंडळींची वकीलपत्रे त्याने घेतली.