जोमोन सागर-अतिक्रमण व कान्तोतील शिंपल्यांचे ढीग

शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढत जाऊन जपानमध्ये टोकिओभोवतीच्या कान्तो मैदानातील नदीखोऱ्यांत शिरला, त्या घटनेला जोमोन सागर-अतिक्रमण म्हणतात; जोमोन हा जपानचा प्रागैतिहासिक काळ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मी.च्या आसपास खाली होती. टोकिओ उपसागराच्या जागी कोरडी जमीन होती आणि तीतून एक नदी खोल दरी कोरत वाहत होती. बर्फ वितळू लागला तशी ही दरी पाण्याखाली गेली. सुमारे ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी भरतीचे पाणी आराकावा आणि नाकागावा यांच्या सखल पट्ट्यांतून पार आतल्या तोचिगी प्रांताच्या दक्षिण कडेला टेकले होते. कोकणातल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. खाडी म्हणजे बुडालेले नदीखोरेच.

या नाहीशा झालेल्या खाड्यांचा किनारा सापडला तो लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांवरून. १८७७ साली एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला आगगाडीतून ओमोरी येथील ढीग दिसला. तेथील उत्खननापासून जपानच्या पुरातत्त्वाची सुरुवात मानतात. पुढे १९२६ मध्ये असे ढीग नकाशावर मांडून जुनी किनाररेषा आखली गेली. माणसे शिंपले फार लांब वाहून नेत नाहीत, हा त्यामागचा साधा आणि भक्कम तर्क.

कोणता शिंपला, यालाही तेवढेच महत्त्व आहे. फुजिमी येथील मिझुको वस्तीतल्या ढिगांत मुख्यतः यामातो-शिजिमी हा मचूळ पाण्यातला शिंपला आहे. म्हणजे तेथे नदी आणि भरती एकमेकींत मिसळत होत्या. ढिगांत सापडणारी हाइगाई ही शिंपल्याची जात मात्र उबदार समुद्राच्या चिखलातली. तिच्या कवचांचा भाजून चुना करत, म्हणून नावाचा अर्थ ‘राख-शिंपला’. कान्तोच्या किनाऱ्यावर ती आता राहत नाही, म्हणजे तेव्हा तेथला समुद्र अधिक उबदार होता. जपानात मुख्यतः पश्चिमेच्या आरिआके समुद्रात उरली आहे. भारताच्या किनाऱ्यांवर हीच जात आजही मिळते. कान्तोची ज्वालामुखी राखेची माती आम्ल, तीत हाडे विरून जातात. शिंपल्यांतल्या चुन्यामुळे या ढिगांत मात्र माशांचे बारीक काटेही टिकले.

अतिक्रमणाच्या शिखरावर पाणी आजच्याहून २–३ मी. उंच होते. त्यानंतर वाढलेल्या पाण्याच्या भाराने सागरतळ खचला, किनाऱ्याची जमीन किंचित उचलली गेली आणि नद्यांच्या गाळाने खाड्या भरत आल्या. आतल्या भागातले ढीग थांबले. पुढच्या काळातले मोठे ढीग उपसागराच्या पूर्व बाजूला, चिबाकडे आहेत. त्यांतला कासोरी येथला, दोन वलये जोडलेला ढीग सर्वांत प्रसिद्ध.