दम्याच्या रुग्णालयीन उपचारांतील प्रादेशिक तफावत

दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, तिथे मिळणारे उपचार आणि डिस्चार्जनंतरची देखरेख यांत प्रदेशाप्रदेशांत आढळणारा फरक. कुठे किती दमेकरी आहेत, एवढ्यावरून या फरकाचा उलगडा होत नाही. रोजचा स्टिरॉइडचा पंप नियमित घेतला, तर दाखल होण्याची वेळ सहसा टळते. म्हणूनच ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संघटना दम्याच्या भरतीचा दर प्राथमिक आरोग्यसेवेच्या दर्जाचा निर्देशक म्हणून वापरते. फिनलंडमध्ये १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवला गेला. त्या काळात नोंदलेले रुग्ण वाढले, तरी दम्यापायी रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले.

कुणाला दाखल करायचे, हा निर्णयही सगळीकडे सारखा होत नाही. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार पीक फ्लो (जोराने फुंकल्यावर बाहेर पडणाऱ्या हवेचा मीटरने मोजलेला कमाल वेग) रुग्णाच्या एरवीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ३३ टक्क्यांखाली गेला, तर अटॅक जिवावरचा समजतात. उपचारांनंतर तासाभराने तो ७५ टक्क्यांवर आला, तर रुग्णाला घरी पाठवता येते. मीटरच नसेल, तर डॉक्टरांची भिस्त छातीतल्या घरघरीवर. पण अगदी वाईट अटॅकमध्ये हवाच इतकी कमी खेळते की घरघर ऐकूच येत नाही. स्टिरॉइड पहिल्या तासात दिले गेले की नाही, यानेही भरती टळते किंवा ओढवते. शिवाय खाटा रिकाम्या असल्या की दाखल करण्याकडे कल वाढतो.

नुसते आकडे ताडून पाहणे धोक्याचे. तान्ह्या मुलांची विषाणूजन्य घरघर एका ठिकाणी दमा म्हणून नोंदली जाते, दुसरीकडे नाही. भरती कमी म्हणजे सेवा चांगली, असेही नव्हे. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी झाली; त्यांतील ४५ टक्के रुग्णांनी वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती किंवा ती पोहोचण्याआधीच ते दगावले होते.

क्वचित दोष खरोखरच त्या जागेच्या हवेचा असतो. बार्सिलोनात १९८१ पासून ठरावीक दिवशी तातडीच्या विभागांत दमेकऱ्यांची अचानक रीघ लागे. रुग्णालयांच्या नोंदी बंदरातील जहाजांच्या तारखांशी ताडल्यावर सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ सापडली. १९८७ मध्ये तिथल्या कोठाराला गाळण्या बसवल्यावर हे प्रकार थांबले.